अकरा हजार वर्षांपूर्वीचं सोंग: लंडन ते ॲबट्स ब्रॉमली

आमच्या तात्यांच्या घरी नरसिंहाच्या सोंगाचा मान आहे. मोखाड्याकडच्या गावांत बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायचा उत्सव, होतो, तेव्हा कुठलं सोंग कुणी नाचवायचं हे घराण्यानुसार ठरलेलं असतं. संबळ आणि पिपाणी सुरू झाली की टेंभ्यांच्या उजेडात एकेक देव बाहेर पडतो आणि बघणारे पाया पडतात, मग मुखवट्याखाली शेजारचाच माणूस का असेना. लहानपणी माझं काम एकच. मुखवटा चढवायच्या आधी तात्यांच्या डोक्याला फडकं घट्ट गुंडाळायचं. ते सैल राहिलं की दुसऱ्या दिवशी मान धरायची आणि शिव्या मला बसायच्या.

इंग्लंडात लीड्सला राहणाऱ्या भाचीनं गेल्या वर्षी एक फोटो पाठवला. हरणाच्या कवटीचा वरचा भाग, त्याला शिंगांचे तुटके बुंधे आणि हाडाला पाडलेली भोकं. खाली लिहिलं होतं, ‘मामा, तुमच्या बोहाड्याचे खापरपणजोबा. अकरा हजार वर्षांपूर्वीचे.’ मी तो फोटो तात्यांना दाखवला. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘वजन किती?’

यंदा भाचीकडे जायचं ठरलं, तेव्हा लंडन आय वगैरे यादीतून काढलं आणि पाच दिवस या शिंगांसाठी ठेवले.

पहिला दिवस, ४ सप्टेंबर: लंडन

ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, पण वेळ आधी आरक्षित केलेली बरी. नाहीतर पिशव्या तपासायच्या रांगेतच अर्धी सकाळ जाते. आत शिरल्यावर सगळी गर्दी रोझेटा शिळा आणि इजिप्तच्या ममींकडे वळते. मला हवी होती वरच्या मजल्यावरची ५१ नंबरची खोली, फोटोतल्यासारखं हरणाच्या कवटीचं शिरोभूषण तिथे आहे. तिथे माझ्याखेरीज तिघेच होते. त्यांतली एक आजी बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती.

पेटीसमोर वाकलो आणि आधी रंगच डोळ्यांत भरला. जुन्या गुळाच्या ढेपेचा असतो तसा काळपट तांबूस, मधूनच तकाकी असलेला. हे रेड डिअरच्या नराचं हाड. रेड डिअर म्हणजे आपल्या सांबराचा भाऊबंद, पण त्या काळातली ही जनावरं आजच्यापेक्षा बरीच थोराड होती. नाकाकडचा भाग तोडून टाकलेला आणि कपाळ व टाळू तेवढी राखलेली. कडा घासून सारख्या केलेल्या. तोडलेल्या ठिकाणी चकमकीच्या दगडाचे ओरखडे अजून दिसतात.

शिंगं मात्र अपुरी. फोटोत मला वाटलं होतं की मातीत मोडली असतील. तसं नाही, ती मुद्दाम छाटली आहेत. अशा काही नगांत तर शिंग पोखरून हलकं केलंय, पण समोरून पाहणाऱ्याला आकार पुरता दिसावा याची काळजी घेतलीय. मी चित्रकलेचा मास्तर, शाळेच्या नाटकांना पुठ्ठ्याचे मुकुट करण्यात माझी तीस वर्षं गेली. मागची बाजू कुणी बघत नाही, तिथलं वजन काढायचं, ही युक्ती मी स्वतःची समजत होतो.

खोलीवर लक्ष ठेवणारे गृहस्थ मला पेटीच्या चारी बाजूंनी वाकताना बघून जवळ आले. मी म्हटलं, दोरी कशी बांधली असेल ते शोधतोय. ते म्हणाले, लोक बहुतेक एवढंच विचारतात की हे शिरस्त्राण आहे का, दोरीचं विचारणारे तुम्ही पहिले. मग तेही वाकले. दोघांनी मिळून पाच मिनिटं त्या भोकांत डोकावून पाहिलं. निष्पन्न काही झालं नाही.

दुसरा दिवस, ५ सप्टेंबर: केंब्रिज

केंब्रिजबद्दल थोडक्यात सांगतो. डाउनिंग स्ट्रीटवर विद्यापीठाचं पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. या सगळ्या शिंगांचा शोध याच विद्यापीठातल्या ग्रॅहम क्लार्क यांच्या नावावर आहे. १९४९ ते १९५१ असे तीन उन्हाळे त्यांनी यॉर्कशरमधल्या स्टार कार इथे खणलं आणि अशी २१ शिरोभूषणं बाहेर काढली. जोडीला शिंगांपासून केलेली, करवतीसारखे दाते असलेली १९१ भाल्याची टोकं. युरोपात अशी शिरोभूषणं जर्मनीतही मिळाली आहेत, पण एकेक दुकेक. एवढा ढीग दुसरीकडे कुठेच नाही.

क्लार्क यांनी दोन शक्यता मांडल्या. एक, शिकारी हे डोक्यावर चढवून कळपाजवळ सरकत असतील. दुसरी, हे नाचाचं, विधीचं साधन असेल. सायबेरियातल्या एवेंकी लोकांच्या शिंगधारी भगताचं एक जुनं चित्र त्यांनी आधाराला घेतलं होतं. नंतरच्या अभ्यासकांना ‘हे की ते’ अशी वाटणीच फारशी पटत नाही. मलाही नाही. तात्या मुखवटा घालून नरसिंह ‘झाले’ की नरसिंहाचं सोंग ‘घेतलं’, हे आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही.

केंब्रिजमध्ये जेवण महाग. खोलीवर येऊन बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खिडकीबाहेर पाऊस लागला होता, आपल्याकडच्या श्रावणासारखा, फक्त ऊन नसलेला.

तिसरा दिवस, ६ सप्टेंबर: स्कारबरो

यॉर्क स्टेशनावर भाची भेटली. अनंत चतुर्दशी असल्यामुळे पहाटे घरच्या बादलीत वीतभर शाडूच्या गणपतीचं विसर्जन करून ती आली होती. डब्यात खिरापत होती. ती खात खात आम्ही समुद्राकाठच्या स्कारबरोला पोचलो.

इथलं रोटंडा संग्रहालय १८२९ मध्ये उघडलं. इमारत गोल, डेऱ्यासारखी. इंग्लंडचा भूगर्भीय नकाशा काढणाऱ्या विल्यम स्मिथ यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. जमिनीत जो थर वर तो वर आणि जो खाली तो खाली, अशा क्रमानं भिंतीवर दगड मांडायचे, हा त्यांचा बेत. हेही सोमवारी बंद असतं. सगळ्यांचे पाय थबकतात ते ग्रिस्थॉर्पच्या माणसाजवळ. हा १८३४ मध्ये ओकच्या पोखरलेल्या खोडात पुरलेला सापडला. सांगाडाही काळा आणि खोडही काळं. पण हा कांस्ययुगातला, म्हणजे स्टार कारवाल्यांपुढे अगदी कालचं पोर.

माझा वेळ गेला तो स्टार कारच्या माहितीपाशी. तिथे सापडलेल्या वस्तूंमध्ये बर्च झाडाच्या सालीच्या गुंडाळ्या आहेत. बर्च म्हणजे भूर्ज! ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या, त्याच जातकुळीतल्या झाडाची साल ही माणसं गुंडाळून ठेवत होती. बहुधा पेटवायला किंवा डिंकासाठी. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मामा, तुम्हाला सगळीकडे नातेवाईक भेटतात.’

संध्याकाळी बंदरावर मासे आणि बटाटे. सोबत हिरव्या वाटाण्याचा लगदा देतात, त्याला चव अशी नाही, पण मिरपूड घातली की खपतो. सीगल पक्ष्यांपासून सावध राहा. माझ्या हातातला अर्धा मासा एकानं पाठीमागून येऊन नेला. शेजारच्या बाकावरच्या बाई हसून म्हणाल्या, आता तुम्ही खरे स्कारबरोकर झालात. भाचीनं स्वतःच्या पुड्यातला तुकडा मला दिला आणि उरलेलं जेवण आम्ही भिंतीला पाठ लावून केलं.

चौथा दिवस, ७ सप्टेंबर: स्टार कार

आधीच सांगतो, इथे बघायला काही नाही. तिकीटघर नाही आणि चहाची टपरीही नाही. स्कारबरोपासून पाचेक मैलांवर सीमर आणि फ्लिक्स्टन या गावांच्या मधली ही सपाट शेतजमीन, तीही खासगी. शेतात शिरू नका, गावाकडच्या सार्वजनिक वाटेवरूनच बघा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेत. मी साध्या बुटांत गेलो आणि दहा मिनिटांत मोजे ओले.

‘कार’ म्हणजे तिकडच्या बोलीत पाणथळ रान. अकरा हजार वर्षांपूर्वी इथे मोठं तळं होतं, अभ्यासक त्याला फ्लिक्स्टन तळं म्हणतात. हिमयुग नुकतंच सरलं होतं. ब्रिटन अजून बेट झालं नव्हतं आणि आजच्या उत्तर समुद्राच्या जागी जमीन होती. तळ्याकाठी लोक राहायचे, तेही चार दिवसांच्या शिकारीपुरते नव्हेत. इथला वावर सुमारे ८०० वर्षं चालला. पाणकाठी फळ्या टाकून त्यांनी लाकडी फलाट बांधले होते. साडेतीन मीटर रुंदीच्या एका गोल घराच्या खुणाही मिळाल्या, ब्रिटनमधलं आजवर सापडलेलं ते सर्वांत जुनं घर. मग तळं गाळानं भरत गेलं आणि कुजणाऱ्या वनस्पतींचा काळा थर साचला. तो पीट. पाण्यानं चिंब असल्यामुळे त्यात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड, हाड, शिंग सगळं टिकलं.

१९४७ मध्ये जॉन मूर या स्थानिक हौशी अभ्यासकाला चराच्या कडेला चकमकीचे तुकडे दिसले आणि इथली गोष्ट सुरू झाली. तो चर ज्या हर्टफर्ड नदीकाठचा, तीही गमतीचीच. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून आत देशात वाहत जाते. पट्टीनं आखल्यासारखी सरळ. आम्ही पुलावर उभे राहून पाहिलं. आपल्याकडचा कालवा बरा, त्याला निदान वळणं असतात.

वारा असा की छत्री उघडायची सोय नव्हती. तेवढ्यात कुत्रं फिरवणारे एक म्हातारे गृहस्थ आले. आम्ही का आलो ते ऐकून आधी हसले, मग टाच जमिनीवर आपटून म्हणाले, ‘मी पोरगा होतो तेव्हा इथे उडी मारली की शेजारचा माणूस हलायचा. गादीसारखी जमीन होती.’ आता ती खडखडीत लागते.

त्यांच्या टाचेत सगळं दुखणं आलं. शेतीसाठी खोल चर काढून पाण्याचा निचरा केला, त्यामुळे पीट वाळत आणि दबत चाललाय. वाळलेल्या थरात हवा शिरते. गाळातल्या गंधकाशी तिची गाठ पडली की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. ते हाडातला चुना खाऊन टाकतं आणि उरतं ते रबरासारखं लिबलिबीत काहीतरी. यॉर्क विद्यापीठाच्या निकी मिलनर यांनी चँटल कॉनेलर आणि बॅरी टेलर यांच्याबरोबर २००४ पासून २०१५ पर्यंत इथे पुन्हा खणलं ते याच धास्तीनं. क्लार्क यांच्या हाती टणक हाडं लागली होती, यांना काही ठिकाणी अशी मिळाली की बोटानं दाबावीत. तरी त्यांना आणखी शिरोभूषणं मिळाली, आणि २०१५ मध्ये शेल नावाच्या थराथरांच्या दगडाचं तीन मिलिमीटर जाडीचं, रेघा कोरलेलं एक पदकही.

त्यांच्याच चमूनं केलेला एक प्रयोग मला फार आवडला. शिरोभूषण नेमकं कसं बनवत असतील? हाडावरच्या खुणा तपासून त्यांनी हरणाचं खरं मुंडकं घेतलं, त्याला ओली माती थापली आणि काही तास निखाऱ्यांत ठेवलं. त्यानं कातडं सुटतं आणि हाड फोडायला सोपं जातं. मग दगडाच्या हातोड्यानं आणि चकमकीच्या पात्यांनी पुढचं काम. वाचताना मला चुलीत भाजलेलं वांगंच आठवलं. तसं करपलेलं साल सोलणारा कुणीतरी याच तळ्याकाठी बसला असेल, फुंकर मारत, बोटं भाजून घेत.

आणखी एक गोष्ट तिथेच उभं असताना डोक्यात आली. आमच्या आजीच्या पेटीत साबरशिंगाचा तुकडा असायचा. कुणाची बरगडी दुखली की सहाणेवर उगाळून लेप. ते शिंग रानात गळून पडलेलं, गुराख्यानं आणून दिलेलं. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, नुसती शिंगंच हवी असती तर या लोकांना वेचूनही मिळाली असती. पण शिरोभूषणात शिंग कवटीला चिकटलेलं आहे. म्हणजे पुरत्या वाढलेल्या शिंगांचा नर मारूनच आणायला हवा. एवढं थोराड जनावर मारायचं, त्याच्या शिंगांचा तोरा डोक्यावर हवा म्हणून कवटी राखायची, आणि मग तीच शिंगं छाटायची. मी आजवर फोटोंत शिंगांच्या टोकांकडेच बघत होतो. छाटलेली बाजू जास्त बोलते.

म्हातारबांनी निघताना विचारलं, तुमच्याकडे असं काही आहे का? मी फोनवर तात्यांचा नरसिंह दाखवला. ते म्हणाले, ‘हा तर अजून चालू आहे.’

तिथून गाडीनं तीन तास, शिंगांच्या नाचासाठी स्टॅफर्डशरमधल्या ॲबट्स ब्रॉमली गावाकडे. खोली मी घरूनच आरक्षित केली होती आणि तारीख सोमवारची टाकली होती. आम्ही पोचलो रविवारी. चूक सर्वस्वी माझी, त्यामुळे भाचीला बोलायला पूर्ण मुभा होती आणि तिनं ती वापरली. मालकीणबाईंनी माळ्यावरची खोली झाडून दिली, वर दुधाचा चहा पाजला. वाटेत असतानाच गावाहून फोन आला होता. तिकडे रात्रीचे साडेअकरा आणि डोक्यावर खग्रास चंद्रग्रहण. वहिनी विचारत होती, ‘ग्रहण पाळताय ना?’ इथे चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता म्हणे. आम्ही गाडी थांबवून पूर्वेकडे बघत उभे राहिलो. ढगांनी काही दिसू दिलं नाही. ग्रहण असं आपोआप पाळलं गेलं, बिस्किटं सोडून.

पाचवा दिवस, ८ सप्टेंबर: ॲबट्स ब्रॉमली

इथला शिंगांचा नाच वर्षातून एकदाच होतो. ४ सप्टेंबरनंतरचा पहिला रविवार धरायचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. सकाळी आठला सेंट निकोलस चर्चमधून शिंगं बाहेर निघतात, एरवी ती तिथेच भिंतीवर असतात. गावाला बस मोजक्याच आहेत, तेव्हा गाडी हवी. आदल्या रात्री जवळपास मुक्काम केला तर उत्तम. तारीख नीट बघून.

नाचणारे सहा जण, प्रत्येकाकडे शिंगांची एक जोडी. बरोबर एक विदूषक, लाकडी घोडा घेतलेला एक जण, धनुष्यवाला पोरगा आणि बाईचा वेष घेतलेला बाप्या. हा शेवटचा दिसला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वाजवायला पेटीच्या जातीचं मेलोडियन. एका ओळीत नागमोडी चालत येतात, मग तिघे-तिघे समोरासमोर उभे राहून पुढे सरकतात, मागे हटतात आणि एकमेकांतून आरपार जातात. शिंगं एकमेकांना लागतील असं वाटतं, लागत नाहीत. शेतं, घरं, खानावळी करत दिवसभरात दहाएक मैल चालणं होतं. ज्याच्या दारात नाचले त्याचं वर्ष चांगलं जातं अशी समजूत आहे. डबा फिरवतात, त्यासाठी सुटी नाणी ठेवा.

गर्दीत एक जण मोठ्या अधिकारानं सांगत होता की हा नाच अश्मयुगापासून अखंड चालत आलाय. ऐकायला छान वाटतं. पण १९७६ मध्ये शिंगांचा कार्बनकाळ काढला तेव्हा ती अकराव्या शतकाच्या आसपासची निघाली. शिवाय ती रेनडिअरची, म्हणजे इंग्लंडातल्या तेव्हाच्या रानातलीही नव्हेत, बाहेरून आलेली. स्टार कार आणि या नाचात दहा हजार वर्षांचं अंतर आहे आणि मधे दुवा म्हणावा असं काहीही नाही. मीही मनातून दुवा मिळावा म्हणूनच आलो होतो, हे कबूल करतो.

तो भ्रम माझ्यापुरता फिटला तो पहिल्याच फेरीत. शिंगं डोक्यावर नव्हतीच! ती लाकडी हरीणमुखात बसवलेली आहेत, खाली दांडा आहे, तो हातात धरून शिंगांचा भार खांद्यावर टेकवतात. सगळ्यांत मोठ्या जोडीचं वजन २५ पौंड, म्हणजे साडेअकरा किलोच्या आसपास. डोक्यावर घेऊन दहा मैल कोण चालणार? खांद्यावर घ्यायची म्हणून फाटे शाबूत राहिले. स्टार कारवाल्यांनी डोक्यावर घेतली असतील म्हणून छाटली.

दुपारी सावलीत टेकलेल्या एका नाचणाऱ्यापाशी जाऊन बसलो. पन्नाशीचा असेल, कपाळावरून घाम ओघळत होता. त्याच्या पुढ्यात ओटकेक होता. हा इकडचा ओटच्या पिठाचा पोळा, हुबेहूब आपलं घावन, आत चीज भरलेलं. त्यानं अर्धा मला दिला. मी फोनवर ब्रिटिश म्युझियमचा फोटो दाखवला. तोंडातला घास थांबवून त्यानं तो मोठा केला, शिंगांच्या बुंध्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘शहाणी माणसं होती.’ मग डावा खांदा उघडा करून दाखवला. शर्टाखाली टॉवेलची घडी घातलेली होती, तरी कातडी लालबुंद झाली होती.

मी त्या टॉवेलचाही फोटो काढला आणि सगळे फोटो रात्री गावाला पाठवले.

तात्यांना मोबाइल नीट दिसत नाही, वहिनीनं एकेक करून सांगितलं असणार. सकाळी त्यांचा फोन आला. शिंगं छाटून हलकी केली, हे त्यांना लगेच पटलं. टॉवेलचंही पटलं. मग थोडं थांबून म्हणाले, ‘बाकी सगळं झालं रे. हाडाच्या खाली त्यांनी काय बांधलं होतं?’

काही नोंद नाही म्हटलं. कातडं, साल, कापड, काहीच मिळालेलं नाही.

‘असणार,’ तात्या म्हणाले. ‘नुसतं हाड डोक्याला लागतं.’